पोल्याकोव्ह की क्रिकाल्योव्ह?

रशियन अंतराळवीरांमध्ये मोठी कारकीर्द कुणाची, हा वाद या दोन नावांवर हमखास अडतो. गंमत म्हणजे 1988-89 च्या हिवाळ्यात दोघे 'मीर' या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर एकत्रच होते आणि एप्रिल 1989 मध्ये एकाच सोयुझ यानातून उतरले.

वालेरी पोल्याकोव्ह डॉक्टर. उड्डाणं फक्त दोन, पण दुसरं सलग 437 दिवसांचं. जानेवारी 1994 ते मार्च 1995. मंगळापर्यंतचा लांबलचक प्रवास माणसाच्या शरीराला झेपेल का, हे त्यांना स्वतःवरच तपासायचं होतं. उतरल्यावर इतरांना यानातून उचलून खुर्चीत बसवतात. हे गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत खुर्चीपर्यंत गेले! एका मोहिमेतला हा विक्रम आजही मोडलेला नाही.

सर्गेई क्रिकाल्योव्ह इंजिनिअर. सहा उड्डाणं, एकूण 803 दिवस. मे 1991 मध्ये सोव्हिएत संघातून वर गेले आणि मार्च 1992 मध्ये परतले, तेव्हा तो देशच उरला नव्हता. त्यांचं लेनिनग्राड सेंट पीटर्सबर्ग झालं होतं, उतरले ते स्वतंत्र कझाकस्तानात. बदली इंजिनिअर न आल्याने मुक्काम लांबला होता. पुढे 1994 मध्ये अमेरिकी अंतराळयान 'शटल'मधून जाणारे ते पहिले रशियन ठरले, आणि 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या मुक्कामी तुकडीतही होते.

विक्रम म्हणाल तर पोल्याकोव्हच. पण कारकीर्द म्हटल्यावर माझं मत क्रिकाल्योव्हना. 'मीर', शटल, नवं स्थानक, सगळीकडे कामाला हेच.