टिप-ऑफ: टीप, खबर की कुणकुण?

इंग्रजी बातमी मराठीत आणताना ‘टिप-ऑफ’, म्हणजे कुणीतरी गुपचूप दिलेली खबर किंवा इशारा, दिसला की बरेच जण डोळे झाकून ‘गुप्त माहिती’ लिहून मोकळे होतात. कधी ते खपतं, कधी वाक्य उलटंच फिरतं. कारण टिप-ऑफ पोलिसांनाही मिळतो आणि पोलिसांपासून पळणाऱ्यालाही. म्हणून आधी कान कुणाचा, ते बघा.

पोलिसांचा असेल तर ‘टीप’ किंवा ‘खबर’. ‘खबऱ्याने टीप दिली’ हे क्राइम रिपोर्टरचं मराठी, चटपटीत. पण ‘टीप’ म्हटलं की तळटीपही आठवते, आणि ऱ्हस्व ‘टिप’ वेटरच्या खिशात जाते. माझ्यापुरतं ठरलंय: मथळ्यात टीप, मजकुरात खबर. पोलिसांच्या कागदांत मात्र ‘गोपनीय बातमीदारामार्फत बातमी मिळाली’ असं असतं. हा बातमीदार म्हणजे पत्रकार नव्हे. नवखा अनुवादक इथे हमखास घसरतो. या बातमीदाराचं नाव झाकलेलं राहतं, त्याला कायद्याचा जुना आधार आहे. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२५ सांगत होतं. २०२४ मध्ये तो कायदा गेला, तरतूद नव्या कायद्यात राहिली.

कान आरोपीचा असेल तर ‘छाप्याची कुणकुण लागताच आरोपी पसार’. झकास वाक्य, पण एक खोट आहे. कुणकुण लागते, ती कुणी देत नाही. टिप-ऑफमध्ये सांगणारा असतो, कुणकुणीत तो विरघळून जातो. फितुरी हाच बातमीचा गाभा असेल तर ‘आतल्याच कुणीतरी सावध केलं’ असं सरळ लिहावं. ‘सुगावा’ तर नकोच. तो माग काढणाऱ्याला लागतो, सांगणाऱ्याची गरजच नसते.

बँकेत याच्या उलट. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे गेला, हे ग्राहकाला कळू देणं म्हणजे ‘टिपिंग ऑफ’, आणि त्याला मनाई आहे. इथे ‘ग्राहकाला कुणकुण लागू न देणे’ चपखल बसतं, कारण कुणाच्याही तोंडून, कशीही, ती लागता कामा नये.

‘हेड्स-अप’ वेगळा. साहेब उद्या येणार, हे ‘कानावर घालायचं’. त्यात गुपित नसलं तरी चालतं.

आणि बातमी बास्केटबॉलची असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे टिप-ऑफ म्हणजे चेंडू वर उडवून सामना सुरू करणं.