पोस्टचं सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह सिमेंट: वर्षभर वापरल्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. फायबर पोस्ट (रूट कॅनाल केलेल्या दाताच्या मुळात बसवायची, कॅपला आधार देणारी तंतूंची काडी) बसवायला हे ड्युअल-क्युअर, म्हणजे उजेडाने आणि रासायनिक क्रियेनेही घट्ट होणारं, सिमेंट मागच्या उन्हाळ्यात घेतलं. स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत, ती पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसले ते एका पेशंटमुळे. हरभऱ्याची सोंगणी सोडून बाई आल्या, पदराच्या गाठीतून कॅप काढली आणि म्हणाल्या, "अवो मॅडम, खियासकट निंगून आली नं."

त्यांचा 'खिया', म्हणजे खिळा, ही पोस्टच. ती भिंगाखाली धरली. सिमेंटचा थर तिला घट्ट चिकटलेला होता, पण मुळाच्या टोकाकडच्या भागात बुडबुड्याचा खोलगट खड्डा आणि खालचं सिमेंट गुळगुळीत. म्हणजे पोस्ट आणि सिमेंटची पकड शाबूत, सुटलं ते सिमेंट आणि डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) मधून. फायबर पोस्ट बहुतेकदा तिथूनच सुटते.

पहिला राग सिमेंटवर आला. एवढ्या किमतीची सिरिंज, त्यात प्रत्येक मिक्सिंग टिपमध्ये (सिरिंजला लावायच्या नळीत) अडकून वाया जाणारा माल, आणि वर डीलरने पार्सल मे महिन्यात बर्फाच्या पाकिटाशिवाय पाठवलेलं. आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा सिमेंटमधल्या रेझिनची काय गत होत असेल? तक्रार केली तर डीलर कंपनीच्या पत्रकावरचा एमपीएचा (मेगापास्कल, चिकटण्याची ताकद मोजायचं एकक) आकडा दाखवतो.

तो आकडा कुठला, हे नागपूरला एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या मैत्रिणीमुळे कळलं. तिचा थिसिस पुश-आउट टेस्टवर आहे. पोस्ट बसवलेलं मूळ आडवं कापून साधारण 1 मिमी जाडीच्या चकत्या करतात. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनचा बारीक दांडा चकतीतली पोस्ट मिनिटाला अर्धा-एक मिलिमीटर वेगाने ढकलतो. पोस्ट सुटते तेव्हाचे न्यूटन भागिले चिकटलेलं क्षेत्रफळ, की एमपीए आला. मायक्रोटेन्साइलसाठी (काडी ताणून तोडायच्या चाचणीसाठी) मुळाच्या बारीक काड्या कापायला गेलं तर कितीतरी कापतानाच सुटतात, म्हणून मुळासाठी ही पद्धत बरी. आमच्या पत्रकावरचा आकडा मात्र सपाट घासलेल्या डेंटिनवरचा निघाला. सपाट पृष्ठभागावर सिमेंट आकसलं तरी मोकळ्या बाजूने सामावून जातं. मुळाच्या नळीत चारही बाजूंनी भिंत, सी-फॅक्टर (चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागाचं गुणोत्तर) 200 च्या वर जाऊ शकतो. त्या आकड्यावर मी पोस्ट कशी बसवायची?

माझ्याकडचे काढलेले दात तिने वापरले, त्यात हेच सिमेंट होतं. वरच्या तिसऱ्या भागातल्या चकत्या चांगल्या टिकल्या, टोकाकडच्या लवकर सुटल्या. त्यात नवल नाही. तिथे डेंटिनच्या नलिका कमी, उजेड पोचत नाही, सिमेंटला रासायनिक क्युअरिंगच्या भरवशावर राहावं लागतं. पण नवल पुढे होतं. लांब बारीक टिपने तळापासून भरलेल्या चकत्यांत सिमेंटचं कडं सलग दिसत होतं. सिमेंट पोस्टला लावून आत सारलं, त्या चकत्यांत जागोजागी पोकळ्या. माझ्या पेशंटच्या पोस्टवर होता अगदी तसाच खड्डा.

तेव्हापासून सिमेंटबद्दल माझं मत बदललं. माल चांगला आहे. खोट आहे ती टिपांच्या हिशेबात. पाकिटात सिरिंजभर सिमेंट, पण दाताच्या मुळात शिरणाऱ्या लांब टिपा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. त्या संपल्या की डीलर म्हणतो, पोस्टलाच लावा, चालतं. पत्रकातही तो पर्याय छापलाय. लेन्टुलोने (नळीत फिरवायच्या स्प्रिंगसारख्या तारेने) भरावं तर सिमेंट लवकर सेट होतं, उन्हाळ्यात तर आणखीच लवकर. मग खेड्यातल्या दवाखान्याने करायचं काय? आमच्या पेशंटने त्या कॅपसाठी कापूस विकून पैसे भरलेले असतात, आणि दुसऱ्यांदा यायचं तर मजुरी बुडते. एका प्लॅस्टिकच्या नळीसाठी हे होऊ नये.

बाकी थोडक्यात. मुळाची नळी धुताना शेवटचं धुणं हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइटचं) ठेवू नका, त्याचा ऑक्सिजन रेझिनचं सेटिंग बिघडवतो, पाण्याने भरपूर धुवा. युजेनॉल (लवंग तेलातला घटक) असलेल्या सीलरचे, म्हणजे रूट कॅनाल भरायच्या लगद्याचे, अवशेषही खरवडून काढा. पेपर पॉइंटने (कागदाच्या बारीक काडीने) पाणी टिपून घ्या, पण हवेने खडखडीत कोरडं करू नका, या सिमेंटला थोडा ओलावा लागतो. फ्रिजमधून काढल्यावर वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. खर्रा खाऊन झिजलेल्या दातात 2 मिमी फेरूल (कॅपने वेढायला हिरडीवर उरलेला दाताचा काठ) मिळत नसेल तर कुठल्याही सिमेंटवर भार टाकू नका.

तळापासून भरायला लागल्यापासून एकही पोस्ट परत आलेली नाही. सिमेंट पुन्हा हेच घेईन, फक्त लांब टिपांचं पाकीट वेगळं मागवून आणि एप्रिलच्या आधी. दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त टिपा घेणार असाल तर आधी एक बसवून बघा, माझ्या सिरिंजवर त्या बसल्या खऱ्या, पण दाबलं की सिमेंट मागच्या बाजूने गळतं.