धुळे-जळगावचा इतिहास शोधायचाय? आधी कोणतं दफ्तर उघडायचं

खानदेशातल्या एखाद्या शहराचा इतिहास लिहायचं मनात आलं की माणूस पहिली वाट धुळ्याच्या राजवाडे मंडळाची धरतो. नाव मोठं, संस्था जुनी आणि आपल्याच गावातली, त्यामुळे ते साहजिक आहे. पण संग्रह शहरात आहे म्हणून त्यात शहराचे कागद असतीलच असं नाही, आणि खानदेशात ही तफावत जरा जास्तच आहे. धुळे-जळगावात जे उत्तम संग्रह आहेत त्यांतला मोठा भाग बाहेरगावचा आहे, आणि धुळे-जळगावचे स्वतःचे कागद बरेचसे मुंबईत नि पुण्यात आहेत. म्हणून कुठे जायचं हे अंतरावरून ठरवू नका. तुमचा प्रश्न कोणत्या सालातला आहे आणि तुम्हाला कोणती लिपी वाचता येते, या दोन गोष्टींवरून ठरवा.

त्याआधी जिल्ह्यांच्या फाळण्या पाठ करून घ्या, कारण निम्मे लोक चुकीच्या नावाखाली शोधून रिकाम्या हातांनी परततात. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्य ठाणं धुळ्याला केलं. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण, नांदगाव तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तोवर जळगावचा सरकारी कागद ‘खानदेश’ या एकाच शीर्षकाखाली जात होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व खानदेशाचं जळगाव आणि पश्चिम खानदेशाचं धुळे झालं. नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. म्हणजे १८९० च्या जळगावच्या सरकी-कापसाचा कागद हवा असेल तर सूचीत ‘जळगाव’ शोधून उपयोग नाही, आणि १८५० च्या मालेगावसाठी ‘नाशिक’ शोधूनही नाही.

राजवाडे मंडळ की वाग्देवता मंदिर

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर पायपीट करून जमवलेले कागद, हस्तलिखितं, टिपणं हा इथला गाभा. हा माणूस अख्खा महाराष्ट्र फिरला होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा, आणि तो उभा राहिला तो वाईत सापडलेल्या, पानिपतच्या काळातल्या पत्रांवर. त्यामुळे धुळ्याच्या गल्लीबोळांचा इतिहास लिहिणाऱ्याला इथल्या कपाटात देशावरच्या सरदार घराण्यांची पत्रं जास्त भेटतील. मराठेशाहीचा अभ्यासक असाल तर ही चैन आहे. गल्ली नंबर पाचचा इतिहास हवा असेल तर मात्र निराशा पदरी येईल.

तरी मंडळ टाळू नका. इथलं वस्तुसंग्रहालय खानदेशी माणसासाठी जास्त बोलकं आहे: मूर्ती, नाणी, ताम्रपट. शिवाय मंडळाचं ‘संशोधक’ हे नियतकालिक आहे. जुने अंक चाळले की खानदेशातली वतनं, गढ्या, शिलालेख यांवर कुणी आधी काय काम केलंय ते कळतं, आणि तेच काम नव्याने करण्याचा ताप वाचतो. माझ्या मते मंडळात जायचं ते मूळ कागदांपेक्षा या अंकांसाठी आणि तिथल्या जाणत्या माणसांशी बोलण्यासाठी.

समर्थ वाग्देवता मंदिर हे आणखी वेगळं प्रकरण. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे मठामठांतून समर्थ रामदासांच्या पंथाची हस्तलिखित बाडं गोळा केली. समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण इथे आहे, आणि ते पाहायला लांबून लोक येतात. शहराच्या इतिहासासाठी? फार थोडं. अपवाद एकच: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धुळ्यात वकील, शिक्षक, सभा, मंडळं यांचं जे जग तयार झालं, त्याचा अभ्यास करणार असाल तर ही संस्था स्वतःच तुमचा विषय आहे. तिची बाडं बाजूला ठेवा आणि तिचे जुने अहवाल मागा.

पुणे की मुंबई

खरी निवड इथे आहे. दोन्ही ठिकाणं राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची, पण आत गेल्यावर दोन वेगळे देश वाटावेत इतका फरक.

पुण्यात पेशवे दफ्तर. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि त्यांत ‘प्रांत खानदेश’चे हिशेब, वसुली, इनामं, तंटे, जकात. १८१८ पूर्वीचं पारोळं, एरंडोल, सोनगीर, थाळनेर, चोपडा यांचं अर्थकारण लिहायचं तर याला पर्याय नाही. अट एकच, मोडी. सराईत कारकुनाची मोडी, तीही हिशेबातली, म्हणजे शब्द तोडलेले, आकडे रेघांत आणि साल शुहूर, म्हणजे अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेलं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन निघतं. हेच ते पानिपतचं वर्ष. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९० किंवा ५९१. ही गणितं अंगवळणी पडेपर्यंत वेग येत नाही. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर या दफ्तरातून निवडून ४५ भाग छापले. ते देवनागरीत आहेत, म्हणून मोडी न येणाऱ्याने आधी तेच चाळावेत. पण त्या निवडीत राजकारण जास्त आहे. बाजारपेठेच्या जकातीचा कागद हवा असेल तर रुमालाची गाठच सोडावी लागेल.

मोडी शिकायची असेल तर संचालनालय स्वतः वर्ग भरवतं. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीच्या, मराठा समाजाच्या कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आणि बऱ्याच रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांची धूळ झटकली गेली. इतिहासवाल्यांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते दाखल्यांच्या गरजेने झालं.

मुंबईचं दफ्तर काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. इथे मुंबई सरकारच्या खात्यांचे व्हॉल्यूम आहेत: महसूल, न्याय, राजकीय, सार्वजनिक बांधकाम. भाषा इंग्रजी, हस्ताक्षर बहुतेक वाचनीय, आणि मांडणी खात्यावार नि वर्षावार. ज्याला मोडी येत नाही पण इंग्रजी वाचायचा कंटाळा नाही, त्याच्यासाठी मुंबई सरस. सध्याचं धुळं हे ब्रिग्जनंतरचं शहर आहे, जळगाव तर रेल्वे आणि कापसाचं. या दोन्ही शहरांची घडण ज्या शंभर वर्षांत झाली त्यांची फाइल मुंबईला गेलेली आहे. १८७२ च्या पांझरेच्या पुराने धुळ्याचं काय केलं, पाण्याची योजना कशी आली, कोणत्या जागेवर कचेरी बांधली, हे सगळं तिथे शोधायचं. डिसेंबर १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागात महसुली सर्व्हेविरुद्ध शेतकरी उठले, १८५८ मध्ये आंबापाणीला भिल्लांशी लढाई झाली, भिल्लांचा पुढारी काजीसिंग नाईक याच्या मागे फौजा फिरल्या, तेही इथेच. विसाव्या शतकासाठी गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायली मागा. सत्याग्रह, सभा, गुप्त पोलिसांच्या बातम्या त्यांत आहेत. १९३६ चं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन, १९४२ चा नंदुरबारचा गोळीबार, १९४४ ची चिमठाण्याची खजिना लूट यांवर लिहिणाऱ्याने या फायली न बघता लिहू नये.

एक खोट मात्र लक्षात ठेवा. मुंबईच्या कागदात शेतकरी ‘दंगेखोर’ असतो आणि भिल्ल ‘दरोडेखोर’. साहेबाचा कागद साहेबाच्या नजरेचा. पुण्याच्या रुमालात निदान तंट्याच्या दोन्ही बाजू आपल्या भाषेत बोलतात.

दोन्हीकडे ओळखपत्र, अर्ज आणि शक्यतो एखाद्या संस्थेचं वा प्राध्यापकांचं पत्र घेऊन जा. फोटो काढू देतात का आणि नकलांचा दर काय हे निघण्याआधी फोनवर विचारा. एस.टी.चं किंवा रेल्वेचं तिकीट काढून गेल्यावर समजण्यात अर्थ नाही.

घराजवळचं, पण अवघड

कलेक्टर कचेरीची रेकॉर्ड रूम, भूमी अभिलेखचं आणि नगर भूमापनचं कार्यालय, महापालिकेचं दफ्तर. वाड्याचा, गल्लीचा, पेठेचा इतिहास लिहिणाऱ्यासाठी मी ही तिन्ही पुण्या-मुंबईच्या आधी ठेवीन. सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही काढली की ती जागा कुणाची होती, कुणाला विकली, वाटणी कशी झाली, शेजारी कोण, हे ओळीने दिसतं. मालमत्ता पत्रक तर घरमालकाकडेही असतं. पालिकेतली घरपट्टीची आकारणी नोंदवही आणि सभांचे ठराव मिळाले तर बोळाला नाव कधी पडलं, दिवे कधी लागले, गटार कुणाच्या दारात अडलं, सगळं निघतं.

अडचण अशी की ही कार्यालयं वाचकांसाठी नाहीत. तिथला माणूस तुम्हाला नक्कल मागायला आलेला पक्षकार समजतो. त्यामुळे ‘मला जुना इतिहास बघायचाय’ असं सांगू नका. सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, गावाचं नाव, अंदाजे साल लिहून अर्ज द्या. नेमका कागद मागितला तर तो मिळण्याची शक्यता वाढते. खेड्यांचे जुने सातबारे आणि फेरफार मात्र बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन ई-अभिलेख संकेतस्थळावर आलेत, ते घरी बसून बघता येतात.

वाचनालयं, वर्तमानपत्रं आणि बाकीचं

माणसं काय बोलत होती हे कचेरीत सापडत नाही. त्यासाठी धुळ्याचं गरुड वाचनालय, जळगावचं व. वा. वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय. जळगावातून ‘प्रबोधचंद्रिका’ निघत होतं, धुळ्यातून ‘खानदेश वैभव’. नानासाहेब फडणिसांनी १८८७ पासून जळगावातून चालवलेली ‘काव्यरत्नावली’ आज कवितेसाठी आठवतात. मी म्हणेन की त्या काळच्या नियतकालिकांच्या जाहिराती, पोच आणि वर्गणीदारांच्या नोंदीही बघा, शहरातली वाचणारी घरं त्यांत सापडतात. अंक सलग मिळत नाहीत. एका ठिकाणी एक वर्ष, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. ग्रंथपालाशी गट्टी जमवावी लागते. दुपारी जा, सकाळी पेपर वाचणाऱ्यांची गर्दी असते.

कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले डॉ. आंबेडकर ३१ जुलै १९३७ ला जवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. ही आठवण कोणत्याही सरकारी संग्रहाने जपलेली नाही, लोकांनी जपली. तिच्याभोवतीचा इतिहास लिहायचा तर त्या काळची वर्तमानपत्रं, धुळ्याच्या न्यायालयाचं दफ्तर आणि घराघरांतल्या आठवणी, तीनही लागतील. आठवणी अहिराणीत सांगितल्या जात असतील तर अहिराणीतच उतरवून घ्या. प्रमाण मराठीत वळवल्या की त्यातला ठसका जातो आणि पुष्कळदा तपशीलही.

जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ मार्च २०१२ मध्ये सुरू झालं. मांडणी, जतन, स्कॅनिंग या बाबतीत खानदेशात त्याच्या तोडीचं काही नाही. पण संग्रह गांधीजींचा. फैजपूर अधिवेशनापुरतं तिथे डोकावून या, जळगाव शहरासाठी वेळ राखून ठेवू नका. अमळनेरचं तत्त्वज्ञान केंद्र १९१६ चं, प्रताप शेठजींच्या देणगीवर उभं राहिलेलं. गिरणी, शाळा, देणग्या यांनी अमळनेर कसं घडलं हा विषय घेतलात तर तिथून सुरुवात करणं योग्य, बाकी विषयांना त्याचा फारसा उपयोग नाही.

मग कुणी कुठे जावं

कुठेही जाण्याआधी १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचा. मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड, ऑनलाइन फुकट. त्यानंतर जळगावचं १९६२ चं आणि धुळ्याचं १९७४ चं. एवढं वाचून झालं की निम्म्या शंका मिटतात आणि उरलेल्या शंकांना साल मिळतं, ते साल घेऊनच पुढे जायचं.

एम.ए.चा प्रबंध, हातात सहा-आठ महिने, मोडी नाही: मुंबई. विषय १८५० नंतरचा घ्या. पीएच.डी. करायची आणि मोडी शिकायची तयारी आहे: पुणे, आणि जोडीला राजवाडे मंडळ. या जोडीत नवं सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण खानदेशच्या रुमालांना फार थोडे हात लागलेत. आपल्या घराण्याचा किंवा वाड्याचा इतिहास हवाय त्याने आधी घरातली जुनी पेटी, मग सिटी सर्व्हे, मग रेकॉर्ड रूम. पुण्याला जायचं ते इनाम किंवा वतन असेल तरच. शाळेच्या शताब्दी अंकासाठी लेख लिहायचाय त्याला वाचनालय आणि शाळेचं जनरल रजिस्टर पुरेसं आहे. नंदुरबारकराने मात्र धुळ्याच्या कचेरीत एक चक्कर टाकूनच घ्यावी, कारण १९९८ पूर्वीचा त्याचा जिल्हा तिथल्याच कपाटांत होता, आणि सगळे गठ्ठे नव्या कचेरीत गेलेत असं गृहीत धरू नये.