दूरदर्शनसाठी केबल की फ्री डिश?

घरात मुख्यतः दूरदर्शनच पाहिले जात असेल, तर केबल ठेवावी की फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री बसवावी, हा प्रश्न परळच्या आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. चित्राच्या दर्जात मला तरी फार फरक जाणवला नाही.

केबलची बाजू लंगडी मुळीच नाही. ती दारापर्यंत आलेलीच असते, पावसात सहसा अडत नाही, आणि १९९५ च्या कायद्यामुळे दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकाला बंधनकारक आहे. पण वाहिनी दाखवली जाणे वेगळे आणि ती सापडणे वेगळे. १९७२ साली वरळीचे केंद्र सुरू झाले तेव्हापासून दूरदर्शन पाहणारी माझी आई सह्याद्री वाहिनी नावाने नव्हे, रिमोटवरच्या आकड्याने ओळखते. तो आकडा एका वर्षात तीनदा बदलला, तोही न सांगता. शिवाय सेट टॉप बॉक्स सुरू केला की आधी कुठलीतरी जाहिरातींची वाहिनी लागायची. मग संध्याकाळी मी लोकलमध्ये असताना फोन यायचा, "सात वाजून गेले, बातम्या गेल्या कुठे?" महिन्याच्या बिलापेक्षा मला हेच अधिक खुपले.

फ्री डिशला मासिक शुल्क नाही, खर्च काय तो एकदाच. जीसॅट-१५ हा तिचा उपग्रह मुंबईहून आग्नेयेला, आकाशात बराच उंच असतो, त्यामुळे समोरचा टॉवर वाटतो तितका आड येईलच असे नाही. जुलैच्या धुवांधार सरीत चित्र थिजते, हे मात्र मान्य करायला हवे. आमच्याकडे ते बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आपले आपण परत येते. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात आणि जातात, तेव्हा बॉक्स पुन्हा ट्यून करावा लागतो. ज्यांना रोजच्या खासगी मराठी मालिका हव्यात, त्यांनी केबल सोडण्याची घाई करू नये. (प्रसार भारतीचे २०२४ मध्ये आलेले 'वेव्हज' ॲप मोबाइलवर बरे, आईच्या हाती देण्याजोगे नाही.)

आमच्यापुरता कौल छत्रीकडे गेला. सह्याद्री आवडत्या वाहिन्यांच्या यादीत पहिली ठेवली आणि संध्याकाळचे फोन थांबले. बॉक्स एमपीईजी-४ चा (चित्र आकुंचित करून पाठवण्याची ही नवी पद्धत) घ्यावा, आणि त्याआधी सोसायटीची परवानगी मागावी. आमचा छत्री बसवणारा गच्चीच्या कुलपासमोर अर्धा तास उभा होता.