साठवणीचा म्हणून ओला लसूण गळ्यात मारतात

मार्च-एप्रिलमध्ये सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो लागतो. "वर्षभर टिकणारा गावरान लसूण, पाच किलो घ्या, भाव लावून देतो." वरचे गड्डे पांढरेशुभ्र, भाव बाजारापेक्षा कमी. वर्षाची बेगमी होते म्हणून लोक आख्खी गोणी उचलतात. पावसाळा लागेपर्यंत निम्मा लसूण पोचट नाहीतर काळा पडतो आणि टेम्पो परत येत नाही.

लसूण नकली नसतो, फक्त वाळवलेला नसतो. काढणीनंतर तो पातीसकट सावलीत, वाऱ्यावर दहा-पंधरा दिवस ठेवावा लागतो, तेव्हा मान (गड्ड्याच्या वरचा देठाचा भाग) आवळते आणि टरफलं कागदासारखी होतात. हे दिवस वाचवले की विकणाऱ्याला पाण्याच्या वजनाचेही पैसे मिळतात. तुमच्या घरी ते पाणी उडून वजन घटतं, किंवा बंद गोणीत कोंडून बुरशी धरते.

म्हणून गड्ड्याची मान चिमटीत दाबून बघा. वाळलेली मान सुतळीसारखी कडक लागते. ओली मान दबते, आणि नखाने सोललं तर आतलं साल ओलसर, चामड्यासारखं लवचिक निघतं. मुळ्यांना माती चिकटलेली असेल तर तीही तुम्ही लसणाच्याच भावाने घेताय. गोणी ओतून दाखवायला सांगा, कारण बारके आणि फुटके गड्डे तळाशी भरलेले असतात. ओतायला नकार दिला तर तिथून निघा.

कोल्ड स्टोरेजचा जुना मालही 'नवा' म्हणून खपवतात. एक पाकळी उभी चिरा. आतला हिरवा कोंब टोकाजवळ पोचला असेल तर बाहेरच्या उबेत तो लवकरच फुटणार. घाईने स्वयंपाकात संपवायला तो चालेल, साठवणीला अजिबात नको.

ओला लसूण घरात आलाच असेल तर त्याच दिवशी गोणी सोडा. पंख्याखाली वर्तमानपत्रावर एका थरात पसरा आणि रोज उलटा. गच्चीवरच्या कडक उन्हात टाकू नका, पाकळ्या भाजल्यासारख्या मऊ, पारदर्शक होतात. गड्डे फोडू नका, मान कडक होईपर्यंत देठही कापू नका. मग दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून बाकीचा कापा, जाळीच्या पिशवीत भरा आणि सिंकपासून दूर, अंधाऱ्या पण हवेशीर जागी टांगा. बंद डब्यात बुरशी येते. फ्रीजमधल्या थंडीने सुप्तावस्था मोडते, मग कोंब फुटतात.

निळसर-हिरवी भुकटी किंवा काळी बुरशी दिसली तर तो गड्डा लगेच वेगळा काढा. नरम पण निरोगी पाकळ्या सोलून फ्रीजरमध्ये टाका. वाया जाऊ नयेत म्हणून कच्च्या पाकळ्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर मात्र ठेवू नका: तेलाखाली हवा नसते, तिथे बोटुलिझमचे जिवाणू जीवघेणं विष तयार करू शकतात, आणि ते वासावरून किंवा रंगावरून कळत नाही.