सेफारिया अ‍ॅप: पाच पुस्तकं वाचायला घेतली, अजून निर्गमातच अडकलोय

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, उत्पत्ती ते अनुवाद, एवढंच मला माहीत होतं (आपण जो तोरा मिरवतो तो वेगळा). अ‍ॅप ज्यू धर्मग्रंथांचं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, म्हटलं महिन्याभरात उरकून टाकू. तीन महिने झाले राव.

झालंय असं की यात कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की तिला जोडलेलं सगळं उघडतं, राशी नावाच्या मध्ययुगीन भाष्यकाराची टीका, मिद्राश (जुन्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, वचनांवरची विवरणं), तालमुद (त्यांच्या चर्चांचा भला मोठा ग्रंथ), मग त्या टीकेवरची टीका, आणि आपण आत आत जातच राहतो. निर्गम २४:१२ घ्या. देव मोशेला म्हणतो वर ये, तुला दगडी पाट्या, तोरा आणि आज्ञा देतो, मी लिहिलेल्या, लोकांना शिकवायला. साधी ओळ वाटते ना? तालमुदच्या बराखोत भागात ५अ (पान ५, पहिली बाजू) मध्ये रेश लाकिश या रब्बीच्या नावाने तिचा एकेक शब्द सोडवलाय: पाट्या म्हणजे दहा आज्ञा, तोरा म्हणजे पाच पुस्तकं, आज्ञा म्हणजे मिश्ना (तोंडी कायद्याचा संग्रह, तालमुदचा गाभा), 'लिहिलेल्या' म्हणजे संदेष्टे आणि इतर लेख, 'शिकवायला' म्हणजे गेमारा (मिश्नावरची चर्चा), आणि हे सगळं म्हणे सिनाय पर्वतावरच दिलं! मिश्ना तर इ.स. २०० च्या आसपास संकलित झाली. मी आधी हसलो. मग तालमुदच्याच शब्बात भागातलं ३१अ वाचलं. एक जण शम्माय या रब्बीला विचारतो तुमच्या तोरा किती, तो म्हणतो दोन, एक लेखी एक तोंडी. हा म्हणतो मला लेखीच शिकव, शम्माय हाकलून देतो. दुसरा रब्बी हिल्लेल त्याला पहिल्या दिवशी आलेफ बेत (हिब्रू मुळाक्षरं) शिकवतो, दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं उलटी, आणि विचारतो, काल माझ्यावर भरवसा ठेवलास ना, मग तोंडीवरही ठेव. इथे मी गप्प झालो, कारण अक्षर ओळखायलाही कोणीतरी तोंडीच सांगावं लागतं. (कराईट या ज्यू पंथाचे लोक ही तोंडी तोरा मानत नाहीत, ते वेगळं.)

आणि बराखोत ६२अ तर कहरच, रव काहाना चक्क गुरूच्या पलंगाखाली लपतो, गुरू बायकोसोबत असताना! गुरू ओरडतो बाहेर हो, हा म्हणतो हीसुद्धा तोरा आहे, मला शिकायलाच हवं.

वापराचं म्हणाल तर मेनू हिब्रू-इंग्रजीत. इंग्रजी तालमुदमध्ये मूळ शब्दांचं भाषांतर ठळक आणि समजावणं साध्या अक्षरात, त्यामुळे माझ्यासारख्याचं निभतं. रोज एक पान वाचणाऱ्यांसाठी आजचं पान समोरच दिसतं, पण बाबिलोनी तालमुदची पानं २,७११, म्हणजे साडेसात वर्षांचं काम. मराठीत हवं होतं असं फार वाटतं, पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हग्गादा (वल्हांडण सणाच्या जेवणात वाचायची पोथी) छापली होती हो! लॅपटॉपवर वाचा, मजकूर आणि टीका शेजारी शेजारी दिसतात. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा मराठी येईपर्यंत राखून ठेवलाय.