कृपा: खुंटावरचं कलम की पाठीवरचा स्वार?

आमच्या जालन्याकडं मोसंबीचं कलम करताना जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल चिरतात, आत मोसंबीचा डोळा बसवतात आणि वर पट्टी बांधतात. मूळ आंबट झाडाचंच राहतं, फळ मात्र गोड येतं. कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) मला इथंच उमगले. देवाची कृपा माणसाचा स्वभाव मोडत नाही, पूर्णत्वाला नेते, असं ते म्हणतात. पापानं स्वभाव जखमी झाला, पण मेला नाही. अर्थात खुंट आपल्या जोरावर मोसंबी देईल, असं त्यांना मुळीच म्हणायचं नाही. कृपेवाचून माणूस स्वतःच्या बळावर चांगला होतो, हा पेलागियस या ख्रिस्ती संन्याशाचा विचार ४१८ मध्येच कार्थेजच्या परिषदेनं नाकारला होता.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्युथरना एवढ्यानं भागत नाही. माणसाची इच्छा मोकळी आहे म्हणणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाला १५२५ मध्ये उत्तर देताना त्यांनी माणसाच्या इच्छेला ओझ्याचं जनावर म्हटलं. पाठीवर देव बसला तर देवाच्या वाटेनं, सैतान बसला तर त्याच्या. स्वार निवडणं जनावराच्या हाती नाही. घरदार, पैसाअडका यांत माणसाला मोकळीक आहे, हे ल्युथरही मानतात. तारणात, म्हणजे पापातून सुटण्यात, मात्र नाही.

मी कलमाच्या बाजूचा. बैल झालो तर पश्चात्ताप तरी कोणाचा, असं वाटतं. आमचे मामा मात्र ऐकत नाहीत. वीस वर्षांची दारू गेली, त्याबद्दल चर्चबाहेर कोणी शाबासकी दिली की लगेच म्हणतात, "म्या न्हाई सोडली. सुटली."